करडी जागाच हवी

जावयानं काचेचं दार ढकललं आणि म्हणाला, “या विदामावशी, बघा. नुसती किल्ली घ्यायची आणि कामाला बसायचं.”

मी पाय आत टाकायच्या आधी खाली बघितलं. दुधासारखा पांढरा गालिचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग मागे बघितलं. मागे आमचा नोवित्सा उभा होता, झ्लातिबोरच्या डोंगरातून मोजणी करून सरळ आलेला, खांद्यावर यंत्राची तिपाई आणि घोट्यापर्यंत चिखल. तो उंबऱ्यावरच थांबला. एक बूट उचलला, परत खाली ठेवला आणि म्हणाला, “मी इथूनच बघतो.”

आमचं काम जमीन मोजायचं. रस्ते, हद्दी, जंगलाच्या कडा, भावाभावांत भांडणं लावणारे बांध. पेढी ग्वोझ्देन मालकांची, आणि त्यांचे केस काळे होते तेव्हापासून मी तिथे आहे. दरवाजावरच्या पाटीवर माझं नाव नाही, पण आमच्या उझित्से गावात कुणालाही विचारा, मोजणीवाल्यांकडे काम असलं तर आधी विदाला गाठा म्हणतील. फोन माझा, कॉफी माझी, भांडणं मिटवायचीसुद्धा मीच. आता आमच्या जुन्या भाड्याच्या घराचा मालक घर विकायला निघाला होता, म्हणून नदीकाठच्या नव्या इमारतीत जागा बघणं चाललं होतं. जावई म्हणजे मालकांचा जावई, रेल्या. बेलग्रेडहून आला, इंजिनियर आहे, पोरगा वाईट नाही. पण उत्साह फार.

त्या इमारतीत एकाच मजल्यावर तीन तऱ्हेच्या जागा होत्या. पहिली करडी, म्हणजे सिमेंटचा तळ, सिमेंटच्या भिंती, छतातून लोंबणाऱ्या वायरी. खिडक्या लावलेल्या, बाकी देवाचं नाव. दुसरी मधली, तिच्यात फरशी, छत, दिव्यांच्या रांगा, संडास, सगळं तयार, टेबलखुर्ची तेवढी आपली. आणि तिसरी ही, जावयाची लाडकी. गालिचे, काचेच्या खोल्या, टेबलं, खुर्च्या, भिंतीवर कुठल्याशा समुद्राचं चित्रसुद्धा.

इतक्यात छतातल्या जाळ्यांतून गार वारा सुटला. एक झोत डावीकडून, एक उजवीकडून. आम्ही सगळ्यांनी एकदम वर बघितलं आणि सगळ्यांनी एकदम कॉलर वर केली. दोन बाजूंनी वारा मानेला लागला की माणूस आडवा होतो, हे आमच्याकडे पोराला चालायच्या आधी शिकवतात. नोवित्सा तर बाहेर उभा होता, तरी त्यानं मफलर गुंडाळला.

रेल्या हसला. “अहो मावशी, या शतकात वारा बाधत नाही कुणाला.”

“वाऱ्याला शतक कुठलं ते कळत नाही,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक बसली. मी कोंप्लेट लेपिन्या मागवल्या होत्या, कारण भुकेल्या माणसापुढे आपली बाजू मांडू नये. भट्टीतली गरम रोटी, आत अंडं, साय आणि भाजलेल्या मांसाचा रस. मालक खात होते आणि रेल्या बोलत होता. त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं, खोटं कशाला सांगू. मोठ्या रस्त्याचं काम निघालं होतं, त्या कंपनीची माणसं हिवाळ्यात आम्हाला भेटायला येणार होती. “माणूस आधी ऑफिस बघतो, मग काम,” तो म्हणाला. “तयार जागा घेतली तर पुढच्या आठवड्यात बसू. करडी घेतली तर मिस्त्र्यांच्या मागे फिरता फिरता आपली हाडं जातील.”

“आयत्या बिळावर नागोबा व्हायचं आहे का आपल्याला?” मी म्हटलं. “ती जागा कुणासाठी केली आहे? जी माणसं सकाळी लिफ्टनं येतात आणि संध्याकाळी लिफ्टनं जातात त्यांच्यासाठी. आपली अर्धी माणसं चिखलातून येतात. त्यांचे बूट कुठे सुकणार? भिजलेल्या तिपाया कुठे उभ्या करणार, त्या समुद्राच्या चित्राखाली? मोठा नकाशा पसरायला टेबल कुठे आहे? सगळी टेबलं एकेकट्याची. आणि हिशेब करणाऱ्या मुलींना काचेच्या पेटीत बसवणार, येणाराजाणारा त्यांच्याकडे बघत जाणार.”

मालकांनी रोटीचा तुकडा रसात बुडवला. “मग मधली घेऊ. तुझंही राहील, याचंही राहील.”

“मधली सगळ्यात वाईट, मालक. तिथे फरशी सगळीकडे सारखी घातली आहे. बुटांच्या खोलीला पाणी जायला उतार हवा, म्हणजे ती फोडा. दिवे रांगेत आहेत, आपल्याला भिंत हवी तिथे नेमका दिवा, म्हणजे छत फोडा. दुसऱ्याचं केलेलं फोडायचं आणि त्याचं भाडंही भरायचं. करडीत फोडायला काही नाहीच. आणि अजून एक सांगते. आपले मिस्त्री आल्या आल्या काय विचारतात? हे तुम्हाला कुणी करून दिलं? गेल्या खेपेला पाण्याचा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस अर्धा दिवस आधीच्या माणसाला शिव्या घालत होता, नळ तसाच गळत होता. करड्या जागेत आधी कुणी हातच लावलेला नाही. नावं ठेवणार कुणाला?”

सगळे हसले. रेल्यासुद्धा हसला. मालक हसले नाहीत, त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

“ठीक आहे विदा. करडी घेतो. पण डिसेंबरात संत निकोलाची स्लावा मी नव्या जागेत करणार. जुनं घर त्याआधी रिकामं करून द्यायचं आहे. पेढीच्या संताचा दिवस मी रस्त्यावर करणार नाही. तोपर्यंत जागा पुरी तयार नसेल, तर मी रेल्याच्या जागेवर सही करतो आणि तू पेन्शनीत जातेस. मग माझ्या डोक्याला शांतता.”

“कबूल,” मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्यांसमोर.

घरी जाताना मात्र तो पेन्शनीचा शब्द डोक्यातून जाईना. पेन्शन कुणाला नको असते, म्हणाल तुम्ही. मला नको होती. माझा नवरा गेला, मुलगी कॅनडात. घरी एक फ्रिज आहे, तो रात्रभर गुरगुरतो, तेवढाच आवाज. पेढीत मला दिवसातून शंभरदा हाक मारतात. ती हाक बंद झाली तर माझं काय उरणार होतं, हे मला नीट माहीत होतं.

पहिला आला वायरमन स्रेच्को. मध्यभागी उभा राहिला, चारी बाजूंनी बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. नावं ठेवायला कुणी सापडेना. शेवटी म्हणाला, “हे कॉंक्रीट कुणी ओतलं?” मी मनातल्या मनात फुगडी घातली. स्रेच्कोनं झटपट नळ्या टाकल्या, वायरी ओढल्या, निघून गेला. मी रेल्याला फोन करून मुद्दाम सांगितलं की कामं कशी वेळेवर चालली आहेत.

मग आला मिलोय्को, भिंती उभ्या करणारा. त्यानं पिशवी खाली ठेवली, वायरींकडे बघितलं आणि डोकं हलवलं, डॉक्टर हलवतो तसं.

“हे तुम्हाला कुणी करून दिलं?”

एवढी शहाणी मी, आणि एवढं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं. करडी जागा फक्त पहिल्या मिस्त्र्याला करडी असते. दुसऱ्याच्या आधी पहिला होऊन गेलेला असतो.

मिलोय्को म्हणाला, नळ्या चुकीच्या उंचीवर आहेत, भिंत उभी करता येणार नाही, आधी त्या काढा. मी स्रेच्कोला फोन केला. स्रेच्कोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाला, मिलोय्कोला भिंत आणि कुंपण यातला फरक कळत नाही, आणि फोन ठेवला. पुन्हा उचलेना. कशीबशी मिलोय्कोनं अर्धी भिंत उभी केली, तेवढ्यात लाकडी फरशीवाला दोब्रिवोये आला. गुडघ्यावर बसला, भिंतीच्या पायाशी डोळा लावला आणि म्हणाला, “बाई, ही भिंत तुम्हाला कुणी…” मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. पण तो फळ्या घेऊन जो गेला तो आलाच नाही. भिंत सरळ होईपर्यंत हात लावणार नाही म्हणाला. मिलोय्को म्हणाला, भिंत सरळच आहे, तळ तिरका आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि माझ्या अंगणात नाचायला आता कुणीच उरलं नव्हतं.

नोव्हेंबर आला. झ्लातिबोरवर बर्फ पडलं. जागेत अर्धी भिंत, लोंबत्या वायरी आणि सिमेंटच्या गोण्या. रेल्या एक दिवस येऊन गेला. त्यानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “मावशी, मी त्या जागेवाल्याला थांबायला सांगितलं आहे. काळजी करू नका.” दया आली होती त्याला माझी. आणि मालक दुसऱ्या दिवशी कॉफी पिता पिता हळूच म्हणाले, “विदा, पेन्शनचे कागद काय लागतात ते बघून ठेव.”

मी त्या दिवशी दुपारी नव्या जागेत गेले, गोणीवर बसले आणि रडले. मग राग आला. मिस्त्र्यांचा नाही, माझाच. एवढी वर्षं भाऊबंदकीचे बांध मोजून देणाऱ्यांच्यात राहिले, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या भावांना एका टेबलाशी बसवून सह्या घेतल्या, आणि तीन मिस्त्री मला जड जावेत?

आमच्याकडे स्लावेला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला ठाऊक आहे तो येतो. पण एखाद्याला पहिल्यांदा तोंडानं बोलावलं की ते आयुष्यभराचं. दरवर्षी यायचं, बायकोला घेऊन यायचं, आणि नाही म्हणणं म्हणजे घराण्याचा अपमान. असं आमंत्रण कुणी उगाच देत नाही आणि कुणी उगाच टाळत नाही.

मी स्रेच्कोच्या घरी गेले. फोन नाही, घरी. त्याच्या बायकोसमोर म्हटलं, “संत निकोलाच्या दिवशी तुम्ही दोघं आमच्या पेढीच्या स्लावेला या. नव्या जागेत.”

स्रेच्कोनं खुर्ची पुढे ओढली. “नव्या जागेत?”

“हो. तुम्हाला दिव्याखालीच बसवते. सगळं गाव येईल, रस्त्याच्या कंपनीचे लोक येतील. विचारतील, दिवे कुणी लावले. मी बोट दाखवीन.”

“आणि कोण येणार?”

“मिलोय्को आणि त्याची बायको. दोब्रिवोये आणि त्याची बायको.”

त्यानं बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, “मला निळा ड्रेस शिवायला टाकावा लागेल.” झालं. मी उठले.

मिलोय्कोकडे तेच, दोब्रिवोयेकडे तेच. मिलोय्कोच्या बायकोला मी सांगून आले की तुमची खुर्ची नव्या भिंतीसमोरच आहे, पोटभर बघा. ती बाई जाड भिंगांचा चष्मा लावते आणि तिच्या नजरेतून शेजारणीच्या पडद्याची सुरकुतीही सुटत नाही. मिलोय्को घाम पुसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागेवर पोचले तर तिघंही माझ्या आधी हजर. एकमेकांशी बोलत नव्हते, पण हजर होते. मी थर्मासमधली कॉफी ओतली. पहिला दोब्रिवोये बोलला. “तळ जरा तिरका आहे खरा,” भिंतीकडे न बघता म्हणाला. मिलोय्को म्हणाला, “भिंत खालून बोटभर तासली तरी चालेल.” स्रेच्को शिडीवर चढला आणि नळ्या वर सरकवायला लागला. मला आनंदानं त्यांचे मुके घ्यावेसे वाटले, पण तिघांच्याही अंगाला गिलावा लागलेला होता.

त्यानंतर काय काम झालं म्हणता. प्रत्येक जण दुसऱ्याच्या कामाकडे असा बघायचा जणू आपलंच नाव त्यावर लिहिणार आहेत. मिलोय्को फळ्यांच्या फटीत नख घालून बघायचा आणि दोब्रिवोये ती फळी मुकाट्यानं बदलायचा. मधूनच शिव्या व्हायच्या, पण त्या ओठातल्या होत्या, पोटातल्या नव्हत्या.

रेल्या बघायला आला आणि अडकला. मिलोय्को ओरडला, “जावईबापू, धरा जरा हे.” आणि बेलग्रेडचा इंजिनियर तासभर डोक्यावर पत्रा धरून उभा राहिला. मग तो रोज यायला लागला. हिशेबाच्या खोलीत मी चारी बाजूंनी भिंत सांगितली होती, शांतता हवी म्हणून. त्यानं आत उभं राहून म्हटलं, “मावशी, ही कोठडी झाली. वरच्या अर्ध्या भागात काच घाला. उजेड येईल आणि कुणी बघणारही नाही.” पोरगा बरोबर बोलत होता. मी ते कबूल केलं, आणि मला तसं कबूल करताना बघायला स्रेच्को शिडीवरून खाली उतरला. वाऱ्याच्या जाळीवरूनही भांडण झालं. रेल्या म्हणाला, इमारतीच्या नियमानं एक तरी हवीच. शेवटी ती आम्ही बुटांच्या खोलीत बसवली. ओले बूट रांगेनं खाली आणि वरून वारा. बुटांना मान नसते.

स्लावेच्या आदल्या दिवशी सगळं झालं, फक्त एक राहिलं. बुटांच्या खोलीचं दार आलं नाही. सुतार म्हणाला बर्फामुळे गाडी अडकली. मी घरून माझ्या आईचा पिरोतचा विणलेला गालिचा आणला, लाल आणि काळा, आणि दाराच्या जागी टांगला. छान दिसला, पण दार ते दार. मालक जागा पुरी तयार म्हणाले होते.

सकाळी पाद्री आले. मेणबत्ती पेटली, धूप झाला, शिजवलेला गोड गहू सगळ्यांनी चमचा चमचा खाल्ला. उपासाचे दिवस, म्हणून मांस नाही, अंडं नाही, मासा तेवढा चालतो. मोठ्या टेबलावर, ज्या टेबलावर उद्यापासून नकाशे पसरणार होते, तिथे तळलेला कार्प, माशाचं सार, भाजलेले घेवड्याचे दाणे, आक्रोडाच्या वड्या. नोवित्सा आणि त्याची टोळी बर्फातून आली, गालिचा बाजूला करून बूट आत टाकले आणि लोकरीच्या मोज्यांनी लाकडी फरशीवर टेबलाशी येऊन बसली. त्यांना असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. जुन्या घरात ती माणसं जिन्यातच उभी राहून कॉफी प्यायची.

रस्त्याच्या कंपनीचे दोघे आले. मोठे साहेब. त्यांनी आमचे मोजे बघितले, मग स्वतःचे बूट काढले आणि रांगेत ठेवले. अर्ध्या तासात त्यांनी ताटं सरकवून टेबलावर रस्त्याचा नकाशा पसरला होता आणि नोवित्सा माशाचा काटा हातात धरून त्यांना दाखवत होता की कुठे डोंगर घसरतो. रेल्या माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. मिलोय्कोची बायको चष्मा लावून भिंतीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली, परत आली आणि नवऱ्याच्या ताटात मोठा मासा वाढला. स्रेच्को आणि दोब्रिवोये राकियाचे, आमच्या फळांच्या दारूचे, पेले एकमेकांना लावत होते.

माझं लक्ष मात्र मालकांकडे होतं. मालक सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. जागाभर फिरले, खिडक्या उघडून बघितल्या, काचेवर टिचकी मारली. गालिच्यापाशी थांबले, तो उचलला, मागे बघितलं, परत सोडला. म्हणाले, “दार नाही.”

“नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे पुरी तयार नाही.”

“नाही, मालक.”

“मग पैज तू हरलीस.”

मी म्हटलं हो, हरले.

तेवढ्यात पाद्रींनी हाक मारली, कारण सणाचा पाव कापायची वेळ झाली होती. मालक आणि पाद्री उभे राहिले, पावावर वाईन ओतली, दोघांनी मिळून तो गोल फिरवला आणि मोडला. अर्धा यजमानाचा. दुसरा अर्धा ज्याला द्यावा, तो पुढच्या वर्षीच्या स्लावेचा यजमान. पेढीत तो अर्धाही दरवर्षी मालक स्वतःच घरी न्यायचे, कुणाला देण्याचा प्रश्नच नव्हता. या वेळी त्यांनी तो हातात धरला आणि म्हणाले, “मी थकलो. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी करावं.”

सगळ्यांनी रेल्याकडे बघितलं. रेल्यानं टाय सरळ केला. जावई आहे, पुढे पेढी त्याचीच.

मालक रेल्यावरून पुढे गेले, नोवित्साच्या खुर्चीमागून वळले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मोज्यांत. त्यांच्या डाव्या मोज्याला भोक होतं.

“पैज हरलीस, म्हणून दंड,” ते म्हणाले आणि पाव माझ्या हातात ठेवला. “पुढच्या वर्षीची यजमान तू. पेन्शनीत बसून यजमानपण करता येत नाही, तेव्हा ते कागद फाडून टाक. आणि पाटीवर तुझं नाव घालायचं राहिलं आहे, ते स्रेच्कोला सांग, वर दिवा लावून देईल.”

टाळ्या पहिल्यांदा कुणी वाजवल्या असतील तर रेल्यानं. मग स्रेच्कोची निळ्या ड्रेसमधली बायको उभी राहिली, मग सगळेच उभे राहिले, तिन्ही मिस्त्री, कंपनीचे साहेब, नोवित्साची टोळी, आणि कुणीतरी गाणं सुरू केलं. मी पाव छातीशी धरून उभी होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती. पाव अजून कोमट होता.

चारी बाजूंनी हाका चालल्या होत्या. विदामावशी, इकडे बसा. विदा, पेला घे. विदाबाई, मीठ कुठे आहे.

मी डोळे पुसले. “आले, आले,” म्हटलं. “आणि मालक, पुढच्या वर्षी कार्प नाही. पुढच्या वर्षी ट्राउट.”